ओळखीचा शॉक

परभणीकडची माणसं भेटली की आधी पाऊस विचारतात, मग सोयाबीनचा भाव आणि तिसऱ्या नंबरला व्होल्टेज.

"किती हाय तुमच्याकडं?"

"एकशे सत्तर."

"मग मजा हाय की तुमची! आमच्याकडं एकशे चाळीसच्या वर चढंना गेलंय."

कागदोपत्री आपल्याला २३० व्होल्ट मिळतात. नियमानं त्यात सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे २१६ ते २४४. पावसाळ्यात हा नियम बऱ्यापैकी पाळला जातो, कारण तेव्हा बऱ्याचदा वीजच नसते. रब्बी आली, हरभऱ्याला पाणी सुरू झालं आणि डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम ओढायला लागल्या की मात्र नियम दमतो. जिंतूर तालुक्यात येलदरीच्या धरणावर वीज तयार होते, म्हणजे माल आपल्याच जिल्ह्यातला. पण आमची कॉलनी वसमत रोडला, जिथं शहर संपतं आणि शिवार सुरू होतं तिथं. घरपट्टी शहराची, व्होल्टेज शिवाराचं.

आज स्टॅबिलायझर घरोघर झालेत. रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं त्या १९८७ सालात आमच्याकडं बूस्टर होता. पत्र्याचा डबा, समोर एक काटा, एक खटका फिरवायचा. व्होल्टेज पडलं की टीव्हीवरचं चित्र दोन्ही बाजूंनी आत यायचं आणि राम मध्यभागी असल्यानं लक्ष्मणावर पडद्याबाहेर जाण्याची पाळी यायची. मग खटका वर. बूस्टरपाशी घरातलं सगळ्यात धाकटं पोर बसवलेलं असे. त्यानं चित्र पाहायचं नाही, काटा पाहायचा. अडचण इतकीच होती की शेजारच्या मळ्यातली मोटर बंद झाली की व्होल्टेज एकदम उसळायचं, आणि नेमकं तेव्हाच पोर काटा सोडून हनुमान बघत असायचं. "कमी कर! कमी कर!" असा ओरडा आणि टीव्हीच्या मागून निघणारा धूर यांत कोण आधी, एवढाच प्रश्न उरायचा.

तेव्हापासून आमच्या भागात विजेच्या बाबतीत दोन पक्ष आहेत. पहिला 'काही होत नाही' पक्ष. वायरमन, भंगारवाले, मंडपवाले आणि माझे मेव्हणे हे त्याचे आजीव सभासद. दुसरा 'हात लावू नका' पक्ष. त्यात एकटी माझी बायको आहे, पण तिचं बहुमत आहे. मी सहकारी बँकेत कॅशियर होतो तोवर कुठल्याच पक्षात नव्हतो. निवृत्त झालो आणि राजकारणात ओढला गेलो.

निवृत्त माणसं सकाळी कृषी विद्यापीठात फिरायला जातात. मी मागच्या खोलीत वर्कशॉप काढलं. बायको तिला अजून अडगळीची खोली म्हणते, पण मी दारावर पाटी लावली आहे. पहिलं काम म्हणून वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला. ज्या काळात रेडिओ ऐकायला पोस्टातून परवाना काढावा लागे, त्या काळातला. रेडिओबरोबर परवान्याचं पुस्तकही मिळालं. पुस्तक अजून चांगल्या स्थितीत होतं.

असा रेडिओ वर्षानुवर्षं पडून राहिलेला असेल तर एकदम प्लगमध्ये घालायचा नसतो. आतल्या कपॅसिटरमधला पातळ थर विरलेला असतो. त्याला थेट २३० दाखवले तर तो फुगतो, गरम होतो, कधी फुटतोही. वीस-वीस, तीस-तीस व्होल्टनी चढवत नेलं, मध्ये दम खाऊ दिला, तर थर पुन्हा धरतो. आणि व्होल्टेज असं हातानं चढवायला डिमरस्टॅट लागतो. लोखंडी पट्टीचं एक जाडजूड कडं, त्यावर तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, वरच्या कडेला वेढ्यांवरचं वार्निश खरवडून उघडी केलेली तार आणि तिच्यावरून फिरणारा कार्बनचा ब्रश. मूठ फिरवाल तिथं शून्यापासून २७० पर्यंत हवं ते व्होल्टेज. अमेरिकेत जनरल रेडिओ कंपनीनं १९३० च्या दशकात 'व्हेरिअ‍ॅक' म्हणून हे यंत्र विकायला काढलं. परभणीत ते अजून यायचंय, असं मला स्टेशन रोडवर समजलं.

"डिमरस्टॅट आहे का?"

दुकानदारानं पंख्याचा रेग्युलेटर काढला.

"हा नाही. मोठा असतो. व्होल्टेज कमी-जास्त करता येतं."

त्यानं स्टॅबिलायझर काढला.

"हा आपोआप करतो. मला हातानं करायचंय."

"आपोआप होतंय ते सोडून हातानं कशाला करताव, काका?"

याला उत्तर नव्हतं. पुढच्या दुकानात मी शास्त्रीय भाषा वापरली आणि व्हेरिएबल ट्रान्सफॉर्मर मागितला. "ट्रान्सफॉर्मर? जळाला का तुमचा?" तिथल्या माणसानं आस्थेनं विचारलं. "मग असं दुकानात नाही मिळत. अर्ज द्या, गावातल्या सह्या घ्या, वर्गणी काढा, ट्रॅक्टर सांगून ठेवा." त्याच्या गावची डीपी आदल्याच आठवड्यात जळाली होती. तो बराच वेळ बोलत होता. तिसऱ्या दुकानात मी थकून 'व्हेरिअ‍ॅक' म्हणालो. "ते मेडिकलमध्ये बघा," उत्तर आलं.

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही छातीठोक सांगतो. पण एखादी वस्तू शोधायला निघालं की परभणीकर ताबडतोब दुसऱ्या गावाचा पत्ता देतो, आणि तो पत्ता त्याची लेक कुठं दिली आहे त्यावर अवलंबून असतो. ज्याची लेक पुण्याला तो म्हणाला, "तपकीर गल्लीत जा, उभ्या-उभ्या मिळंल." ज्याचा मुलगा मुंबईला त्यानं लोहार चाळीची शपथ घेतली आणि तपोवन एक्सप्रेसची वेळही सांगितली. जुनी पिढी निजामाच्या काळापासून हैदराबादेला निघालेली, ती अजून परत आलेली नाही. त्यांच्या मते कोठीच्या गुजराती गल्लीत मिळत नाही अशी वस्तू अजून बनलेली नाही. मोटार रिवायंडिंगवाल्यानं घरगुती उपाय सांगितला. "सर्वो स्टॅबिलायझर घ्या. आत हाच माल असतो. मुठीच्या जागी बारीक मोटर बसवलेली असती, ती व्होल्टेज बघून ब्रश फिरवती. ती मोटर काढून टाका अन् तुम्ही बसा." माणूस काढून यंत्र आणल्याचं खूप ऐकलं होतं. यंत्र काढून माणूस बसवण्याची ही पहिलीच भरती, आणि तीही निवृत्तीनंतर.

शेवटी भंगारात मिळाला. कुठल्यातरी प्रयोगशाळेतून निर्लेखित झालेला, अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नोंदणी क्रमांक घातलेला, ४ अँपिअरचा. भंगारवाल्यानं आधी तो काट्यावर ठेवला.

"तांबा हय साब अंदर. तांबे का रेट लगेगा."

"आणि लोखंड?"

"लोहा भी तांबे के साथ रह रह के तांबा हो गया."

जुना डिमरस्टॅट घेताना काय पाहावं ते मी पाठ करून गेलो होतो. मूठ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठं न अडता फिरते का. ब्रश झिजून त्याचा धारक तांब्यावर घासतोय का. तांब्याच्या पट्ट्यावर कुठं काळा, जळका डाग आहे का. वार्निश जळाल्याचा वास येतो का. आणि तारेचं टोक व बाहेरचा सांगाडा यांच्यात मल्टिमीटर काही दाखवतो का. दाखवत असेल तर नमस्कार करून घरी यायचं. मी खाली वाकून डिमरस्टॅटचा वास घ्यायला लागलो तेव्हा आजूबाजूला माणसं जमली. एकानं मलाच विचारलं, "काय खाल्लंय त्यानं?"

भंगारवाल्याला माझी पद्धत पसंत पडली नाही. त्यानं वायरची दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसली, निघू नयेत म्हणून शेजारी दोन आगकाड्या दाबल्या आणि मूठ फिरवली. डिमरस्टॅट गुणगुणला.

"देखो, चालू हय. हाथ लगा के देखो, कुछ नहीं होता."

त्याच्या अंगठ्यावर काळा डाग होता. मी त्याकडं पाहिलं. "ये?" तो म्हणाला, "ये तो पुराना हय."

घरी आल्यावर मेव्हणे वाटच बघत होते. डिमरस्टॅट पाहताच त्यांनी कामांची यादी सांगितली. "दाजी, हिच्यावर दोन एचपीची मोटर चालंल का? व्होल्टेज पडलं की लावू." मी समजावलं की हा चार अँपिअरचा आहे, आणि चार अँपिअर म्हणजे चारच. वर २३० ला चार, खाली चाळीसला पण चार. म्हणजे चाळीस व्होल्टवर हा जेमतेम १६० वॅट देतो. व्होल्टेज कमी केलं म्हणून जास्त अँपिअर ओढता येत नाहीत, आधी ब्रशखालची तार जळते. मेव्हण्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. पण थोडा वेळ लावली तर काही होत नाही ना?"

वायरमन आला. त्यानं प्लग लावला, मूठ शून्यावर ठेवली आणि मला म्हणाला, "आता आउटपुटला काहीच नाही. धरा बिनधास्त." मी कॅशियर असल्यामुळं दुसऱ्यानं मोजलेली नोट पुन्हा मोजतो. टेस्टर लावला. लाल दिवा लागला.

"शून्यावर कसा काय करंट?"

"असतो थोडा. काही होत नाही."

थोडा नव्हता, पूर्ण होता. त्याचं कारण १८३१ सालात आहे. त्या वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरेडेनं लोखंडाच्या कड्यावर दोन वेगवेगळ्या गुंडाळ्या घातल्या. एकीतला प्रवाह सुरू-बंद केला की दुसरीत, तिला न शिवता, वीज उमटे. फॅरेडे लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडं उमेदवारी केलेला, पण तांब्याच्या बाबतीत त्यानं हात आखडला नाही. डिमरस्टॅटमध्ये मात्र काटकसर आहे. गुंडाळी एकच. तिच्यातच वीज घालायची, तिच्यातूनच हवी तेवढी काढायची. त्यामुळं बाहेर येणारी तार भिंतीतल्या तारेशी थेट जोडलेली राहते. प्लग उलटा बसला, किंवा घर बांधताना वायरमननं फेज-न्यूट्रलची अदलाबदल केलेली असली, तर मूठ शून्यावर असतानाही दोन्ही तारांत पूर्ण फेज. काटा शून्य सांगतो, कारण दोन तारांमधला फरक शून्य असतो. तुमच्यात आणि जमिनीत मात्र २३० असतात. आमच्या घरातली अर्धी सॉकेटं उलटी निघाली. वायरमन म्हणाला, "आधीच्या माणसानं केलंय." आधीचा माणूसही तोच होता.

मी पुण्याला मुलाला फोन लावला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळं सॉफ्टवेअर सोडून सगळ्यातलं त्याला कळतं.

"बाबा, आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. मग डिमरस्टॅट. मग फ्यूज. मग मीटर. त्याच्याआधी एक सिरीज बोर्ड करा, शंभरच्या बल्बचा. आणि घराला आरसीसीबी आहे ना? अर्थिंग तपासलंय ना?"

रेडिओ राहिला बाजूला. एक वस्तू सुरक्षित करायला दुसरी लागत होती आणि दुसरीला तिसरी. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर म्हणजे फॅरेडेच्या दोन गुंडाळ्या, समान वेढ्यांच्या. २३० घालायचे, २३० च काढायचे. रिवायंडिंगवाला करून द्यायला तयार झाला, पण त्याचं मन खाईना. "इतकं तांबं घालून जेवढे दिले तेवढेच घ्यायचे? फायदा काय मग?" बँकेत मी आयुष्यभर तेच केलं होतं, म्हणून गप्प बसलो. फायदा असा की मधला धागा तुटतो, आणि एका हातानं एका तारेला चुकून धरलं तरी वीज तुमच्यातून जमिनीत उतरत नाही. दोन हातांनी दोन्ही तारा धरल्या तर मात्र कुठलाच ट्रान्सफॉर्मर वाचवत नाही. म्हणून जुने कारागीर एक हात खिशात ठेवून काम करतात. मी घरी लुंगी-बनियनवर असतो. बायकोला म्हटलं, बनियनला एक खिसा शिवून दे. तिनं कशासाठी ते विचारलं आणि मग शिवून दिला नाही.

सिरीज बोर्ड म्हणजे उपकरणाच्या वाटेत एक पिवळा बल्ब. आत शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि भार स्वतःवर घेतो. सगळं ठीक असलं तर मिणमिणतो. कल्पना सोपी, पण बल्ब मिळेना. सगळीकडं एलईडी, आणि एलईडीला हे काम जमत नाही. तिला व्होल्टेज कमी मिळालं तरी ती आधी कुरकुरत नाही, तशीच जळत राहते आणि मग एकदम विझते. "शंभरचा पिवळा? आता कोण घेतंय हो ते?" म्हणता-म्हणता एकानं पत्ता दिला, आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात बल्बची थप्पी निघाली. पिलांना ऊब द्यायला अजून पिवळाच लागतो. दुकानदारानं विचारलं, "किती पिल्लं हाइत?" मी म्हटलं, एक रेडिओ आहे.

अर्थिंगचं प्रकरण चैत्रात आलं. आमची माती काळी. पावसाळ्यात पाय धरते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. भेगा पडल्या की खड्ड्यातली पट्टी मातीला सोडते आणि अर्थिंग नुसतं नावाला राहतं. उपाय म्हणजे मीठ, कोळसा आणि रोज पाणी. त्याच आठवड्यात आमच्याकडं टँकर सुरू झाला होता.

"तुळशीला अर्धा तांब्या घालते मी," बायको म्हणाली, "अन् तुम्ही खड्ड्यात बादली ओतायलाव?"

"खड्डा नाही तो, अर्थिंग आहे."

"मग तुळशीत घाला तुमचं अर्थिंग."

मी विचार केला. शास्त्राचा विरोध नव्हता. पट्टीचं तोंड निघालं होतं तिथंच वृंदावन सरकवलं. रोजचं पाणी एकाच जागी, देवाला आणि विजेला. दोन्ही पक्ष खूश.

मग घराला आरसीसीबी बसली. ही वस्तू मला पाहताक्षणी आवडली, कारण ती दिवसभर माझंच काम करते. फेजमधून किती गेले, न्यूट्रलमधून किती परत आले, याचा ती रोख मिळवते. तीस मिलिअँपिअरची तूट निघाली की कारण विचारत नाही, शाखा बंद करते. आम्हीही संध्याकाळी दहा रुपये कमी भरले तर कुणाला घरी सोडत नसू. पहिल्या रात्री, बाहेर बेचाळीस अंश असताना, तिनं घराची शाखा बंद केली. वर केली, पुन्हा बंद. मेव्हणे मुक्कामाला होते. "बायपास करा," ते झोपेतूनच म्हणाले.

वायरमननं एकेक वस्तू काढून पाहिली. फ्रिज निर्दोष, मिक्सर निर्दोष, माझा डिमरस्टॅट तर प्लगलाच नव्हता. कूलर लावला, की खट्!

"कूलरला काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही," सगळे एका आवाजात म्हणाले. "तो हलका शॉक देतो तेवढंच."

आमच्या घरात कूलरचा शॉक हा सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांचा विषय नाही, घरचा आहे. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पंप आणि वर्षानुवर्षांची वायर. थ्री-पिनची वरची पिन टू-पिन सॉकेटमध्ये जाईना म्हणून कुणीतरी मोडून टाकलेली. त्याच्या बाजूला एक जुनी रबरी चप्पल ठेवलेली असते. कूलर सुरू करायचा तर ती पायात घालायची, पाणी भरायचं तर आधी बटन बंद करायचं, आणि नवीन पाहुणा आला तर "उलट्या हातानं लावा, काही होत नाही" असं सांगायचं. नातवालाही हे येतं. त्याला अजून पाढे येत नाहीत. आणि ज्या बायकोनं डिमरस्टॅट घरात आला त्या दिवशी देवापुढं दिवा लावून "हात लावू नका" असं दोनदा बजावलं होतं, ती गेले कित्येक उन्हाळे त्याच कूलरला ओल्या हातानं, चप्पल घालून, बटन लावत होती.

माणूस शॉकला भीत नाही. तो अनोळखी शॉकला भितो. ओळखीचा असेल तर त्याच्यासाठी चप्पल ठेवतो, पाहुण्यांशी त्याची गाठ घालून देतो आणि तो हलका असल्याचं प्रमाणपत्रही देतो. मीटर, फ्यूज, बल्ब, ट्रान्सफॉर्मर असा फौजफाटा मी मागच्या खोलीतल्या पाहुण्यासाठी उभा केला होता. खरा गुन्हेगार हॉलमध्ये, सगळ्यांना गार वारा घालत बसला होता.

तरी त्या रात्री घरात मतदान झालं. एकीकडं सुरक्षित घर, दुसरीकडं थंड घर. आरसीसीबीच्या बाजूनं एकच मत पडलं, माझं. सकाळी मी वायरमनला कूलरची वायर बदलायला, पंप तपासायला आणि तिसरी पिन परत जागेवर आणायला लावलं. एवढ्या किरकोळ कामाला बोलावल्याबद्दल तो नाराज होता.

मग रेडिओचा दिवस उजाडला. वायरमननं बायकोला सांगितलं होतं की माणूस चिकटला तर त्याला धरायचं नाही, आधी मेन बंद करायचा, नाहीतर कोरड्या लाकडानं ढकलायचा. तिनं मेन सोडून लाकूड निवडलं. मी मुठीवर उजवा हात ठेवला, डावा खिसा नसल्यानं पाठीमागं धरला आणि तीस व्होल्टवर नेलं. मागून आवाज आला, "आता मारू का?"

"काही झालेलं नाही अजून."

साठला थांबलो. नव्वदला थांबलो. सिरीजचा बल्ब मिणमिणत होता. "अंग थरथरायलंय तुमचं. मारू का?" दीडशेला व्हॉल्व्ह आतून तांबूस झाले. मूठ टोकाला नेली तेव्हा डिमरस्टॅटवरच्या तबकडीनं २७० दाखवले. तबकडीवरचे आकडे मात्र २४० गृहीत धरून छापलेले असतात. भिंतीतून येत होते १७०, म्हणून हिशेबानं बाहेर १९१, आणि मीटरही त्याच्याच आसपास होता. परभणीत तबकडी वाचायची नाही, मीटर वाचायचा. रेडिओ घरघरला, शिट्टी मारली आणि १३०५ किलोहर्ट्झवर आकाशवाणी परभणी बोलायला लागली. काय बोलली ते मला सांगता येणार नाही. शेजारच्या मळ्यातली मोटर बंद होऊन व्होल्टेज कधी उसळेल याचा नेम नव्हता, म्हणून माझे डोळे काट्यावर होते. बायकोनं पूर्ण कार्यक्रम ऐकला. चांगला होता म्हणे.

बातमी पसरली आणि डिमरस्टॅटला मागणी आली. थर्माकोल कापणारं गणेश मंडळ निक्रोमच्या तारेसाठी मागायला आलं. आयसोलेशनशिवाय उघडी तार हातात धरायची नसते म्हटल्यावर अध्यक्ष म्हणाले, "गणपतीचं काम हाय, काही होत नाही." शेजाऱ्यांना एलईडीची माळ मंद करायची होती. ती मंद झाली नाही, विझली, आणि दोष माझ्या यंत्रावर आला. रिवायंडिंगवाला मात्र येऊन अदबीनं म्हणाला, "काका, तो एकास एकवाला ट्रान्सफॉर्मर... माझ्या टेस्टिंगच्या टेबलाला पण एक बसवलाय. नाही, काही होत नव्हतं. तरी म्हटलं असावा."

मे अखेरीला मेव्हणे पुन्हा आले. उन्हातून आलेले, घामानं भिजलेले, थेट कूलरकडं गेले आणि खाली पाहू लागले.

"चप्पल कुठंय, ताई?"

"लागत नाही आता," बायकोनं स्वयंपाकघरातून सांगितलं.

त्यांचा विश्वास बसला नाही. उलट्या हातानं, बोटाच्या टोकानं त्यांनी पत्र्याला हळूच शिवून पाहिलं. मग तळहात टेकवला. मग दोन्ही. कूलरकडं, मग माझ्याकडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी उमटली.

"दाजी," ते म्हणाले, "वायरमनला बोलवा. याच्यात करंटच येईना गेलाय. बिघडलाय हा."